विकतची हरळी

थोरल्या भावाला गोल्फ खेळायला न्यायची कल्पना माझीच. दुसऱ्या कुणाची असती तर मी पोट धरून हसलो असतो आणि विसरून गेलो असतो. पण माझ्या बहुतेक फजित्यांप्रमाणे हिचाही मालक मीच, कारागीर मीच आणि पहिलं गिऱ्हाईकही मीच.

आमची जमीन गिरणारे गावाच्या बाजूला आहे. अर्ध्या तुकड्यात दादाची द्राक्षबाग. उरलेल्या अर्ध्यात कधी टोमॅटो, कधी कोबी, कधी नुसतंच पडीक. या दुसऱ्या अर्ध्याला लागून एक रिसॉर्ट उगवलं. आधी तंबू आले, मग तंबूंत एसी आले, मग पोहायचा तलाव आला आणि शेवटी गोल्फचं मैदान आलं. मैदान म्हणजे टीव्हीवर दिसतं तसं नजर पोचेल तिथवर पसरलेलं नव्हे. आखूड. मोजके सहा होल, आणि प्रत्येक होल तीन फटक्यांत आटपायचा. एक दांडा चेंडू उडवायला, एक ढकलायला, की झालं. खरे गोल्फवाले याला खेळही म्हणत नाहीत म्हणे. पण उभा जन्म सातपूरच्या कारखान्यात शिफ्टा करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला एवढं गोल्फ म्हणजे डोक्यावरून पाणी.

रिसॉर्टला सहाचे नऊ होल करायचे होते आणि त्यासाठी आमचा पडीक तुकडा हवा होता. लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं. सातबारा दोघा भावांच्या नावावर, म्हणजे सही दोघांची लागणार. माझी तर मी कधीच मनातल्या मनात करून टाकली होती, कारण करार झाला की मला क्लबाचं आजीव सभासदत्व मिळणार होतं. शिवाय मॅनेजरनं करारापूर्वीच मला दर रविवारी खेळायची मुभा दिली होती. 'तुम्ही आमचे मानद सदस्य, सर.' मानद! या एका शब्दावर मी इतका पाघळलो की दुसऱ्याच दिवशी चौकटीची विजार, पांढरे बूट आणि चोचीची टोपी घेऊन आलो. बायकोनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "बँडवाल्यांत भरती झालात का?"

अडलं होतं ते दादापाशी. दोनदा विषय काढला, दोनदा तो "बघू" म्हणाला. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. फक्त चहा होईपर्यंत भांडण नको म्हणून बघू. मग मी डोकं लढवलं. याला एकदा मैदानावर न्यायचं, दोन फटके मारू द्यायचे, हिरवळ बघितली की विरघळेल. मी विरघळलो होतोच की.

छाटणीचे दिवस होते. एरवी दादा अशा दिवसांत सख्ख्या व्याह्याकडेही जात नाही, पण मी फारच मागे लागलो म्हणून एका रविवारी सकाळी आला. तो आला गमबुटांत. फवारणीचे, गुडघ्यापर्यंतचे, काळे गमबूट, डोक्यावर टोपी, हातांना छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांवर लावायच्या पेस्टचे डाग. मॅनेजरनं त्या गमबुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग जमिनीची आठवण होऊन तोंडभर हसला. "या काका, या! एन्जॉय करा."

"बघू," दादा म्हणाला.

पहिल्या होलाशी मी शिकवायला उभा राहिलो. पाय एवढे लांब, गुडघे किंचित वाकलेले, डावं कोपर सरळ, डोकं खाली, नजर चेंडूवर, आणि अंग सैल.

"आरं, एवढं तर नवरदेवालाबी सांगत नाय कोणी," दादा म्हणाला. "तू मार आधी. मी बघतो."

मी मारला. म्हणजे दांडा फिरवला. चेंडू जागचा हलला नाही. त्याच्या मागचं मातीचं ढेकूळ मात्र मुळासकट उठून पुढे जाऊन पडलं.

"नांगरट बरी झाली," दादा म्हणाला.

मग त्यानं दांडा घेतला, कुऱ्हाड धरावी तसा धरला आणि हाणला. चेंडू झेंड्याच्या उलट दिशेला, तारेच्या कुंपणावरून, थेट आमच्या पडीक तुकड्यात जाऊन पडला.

"आपल्याच वावरात गेला न? मग नुसकान नाय," तो म्हणाला आणि दुसरा चेंडू मागितला. त्याला मजा येत होती! मला मनातल्या मनात सहीची शाई दिसू लागली.

दुसऱ्या होलाशी त्यानं नाक फेंदारलं. "वास कसला रं?"

"खताचा."

"कोणतं खत?"

"सेंद्रिय," मी म्हणालो. खरं तर वास मलाही पहिल्या रविवारपासून येत होता. पण माणूस मानद झाला की नाकसुद्धा मालकाची बाजू घेतं. मी तो वास हिरवळीचा समजून चाललो होतो, आणि एकदा तर बायकोला 'ओल्या गवताचा सुगंध' वगैरे सांगून बसलो होतो.

आता इथं एक घाणेरडी गोष्ट सांगावी लागेल. जेवणाआधी वाचत असाल तर थोडं थांबा.

चेंडूला माती चिकटते. ती पुसायला सभ्य लोक ओलं फडकं ठेवतात. पण मी हा खेळ ज्यांचं बघून उचलला ते एक फरशीचे व्यापारी. दर रविवारी त्यांचं चौघांचं टोळकं असे. हे फरशीवाले चेंडू उचलायचे, अंगठा जिभेवरून फिरवायचे, चेंडू चोळायचे, पुन्हा अंगठा जिभेवर. नोटा मोजताना करतात तसं. मला त्यात काय ऐट दिसली कोण जाणे! मीही तेच सुरू केलं. कित्येक रविवार मी त्या मैदानावर ऐटीत अंगठा चाटत हिंडलो.

तर दुसऱ्या होलाशी माझा चेंडू बोगनवेलीत शिरला. मी वाकून, काटे चुकवत आत घुसलो, तर वेलीमागे एक पाटी. वेल वाढून ती झाकली गेली होती. मी चेंडू शोधायचा सोडून पाटी वाचली. 'मैदानास दिलेले पाणी हे प्रक्रिया केलेले सांडपाणी आहे. पिऊ नये.'

मी तिथंच ओणवा राहिलो. डोक्यात सगळा नकाशा उलगडत गेला. शनिवारी मुंबईची पाहुणेमंडळी तंबूंत उतरतात. रात्री खातात, पितात. रविवारी सकाळी उठून जे काही करतात ते नळीतून टाकीत, टाकीतून कारंज्यात, कारंज्यातून गवतावर, गवतावरून चेंडूवर, चेंडूवरून अंगठ्यावर, आणि अंगठ्यावरून... माझ्या पोटातून सकाळची मिसळ वर आली आणि विचारून गेली, येऊ का?

मी थुंकलो. पुन्हा थुंकलो. थुंकी संपली तरी थुंकत राहिलो.

"काय झालं रं?" दादानं बाहेरून विचारलं.

"माशी गेली तोंडात."

आणि हे मी का म्हणालो? कारण पाटीचं कळलं तर दादा सही करायचा नाही. तोंडात अख्ख्या रिसॉर्टचा शनिवार घेऊन मी अजून सहीचाच विचार करत होतो. त्या क्षणी मला गोल्फची किळस आली, हे काही मोठं नाही. गोल्फ बिचारं लांबचं. माझी मलाच जी आली ती मात्र अजून जिभेवर आहे.

पण खेळ चालूच. तिसऱ्या होलात चेंडू काढायला हात घातला तर आत काहीतरी मऊ, ओलं, कोमट. कुणीतरी चघळलेली सुपारी नेम धरून होलात टाकून गेलं होतं. एवढं जग पसरलंय, पण माणसाला थुंकायला भोकच लागतं. मी हात विजारीला पुसला, मग आठवलं की विजार नवी आहे, मग आठवलं की त्या हाताच्या मानानं सुपारी स्वच्छच म्हणायची.

"चांगलं हाय की," दादा सभोवार बघत म्हणाला. "माणसं बी येत्यात. पडीक ठेवण्यापरीस बरं." तो विरघळायला लागला होता आणि मी मळमळायला. माझी योजना इतकी सुरळीत यापूर्वी कधी पार पडली नव्हती.

चौथ्या होलाशी दोघांचे चेंडू कसेबसे ग्रीनवर पोचले. ग्रीन म्हणजे होलाभोवतीचा गोल तुकडा, गवत इतकं बारीक कापलेलं की टेरिलीनचं कापड अंथरल्यासारखं वाटावं. तिथं चेंडू फक्त हळूच ढकलायचा. मी दादाला चपटा दांडा दिला. तो वाकला. वाकलेलाच राहिला. मग दांडा बाजूला ठेवून उकिडवा बसला.

"आरं," तो हलक्या आवाजात म्हणाला, "ही तर हरळी हाय."

"छे रे! गोल्फचं स्पेशल गवत आहे ते."

"मला शिकवतो का? ये हिकडं."

मी वाकलो. पेरापेरानं सरपटत गेलेली काडी, पेराशी मूळ, पेराशी फुटवा. चष्मा लावून, जवळ जाऊन, मनाला कितीही समजावून पाहिलं तरी ती हरळीच होती. चांगली न्हाऊ-माखू घातलेली, केस कापलेली; पण हरळी.

ज्यानं बागायत केली नाही त्याला हरळी म्हणजे गणपतीच्या दूर्वा. ज्यानं केली त्याला ती सात जन्मांची वैरीण. एक पेर जमिनीत राहिलं तरी पुन्हा उठते. वडलांनी आम्हा दोघांना शाळेच्या सुट्टीत दुसरं काही शिकवलं नाही, हरळी काढायला शिकवलं. शेंडा धरायचा, बोटानं माती सैल करायची, मुळाच्या मागे मागे जायचं, तुटू द्यायची नाही. आणि काढलेली बांधावर टाकायची नाही, बांधावर ती पुन्हा धरते. खिशात भरायची आणि खडकावर नेऊन वाळवायची. हे सगळं मी कारखान्यात गेल्यावर विसरलो असं मला वाटत होतं.

दादानं शेंडा धरला. बोट जमिनीत घातलं आणि ओढलं.

इथं मी म्हणायला हवं होतं, 'दादा, हे काय करतोस, हात काढ.' मी काय म्हणालो?

म्हणालो, "हळू. तुटेल."

आणि गुडघ्यांवर बसलो.

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. हातांनी केलं, डोकं तिथं नव्हतं. काडी निघत गेली, जुन्या स्वेटरचा धागा निघावा तशी. दादा एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. "तिकडची गाठ सोडव," तो म्हणायचा. "खाली पांढरं मूळ गेलंय, धर." मी धरायचो. निघालेली हरळी मी आपोआप विजारीच्या खिशांत कोंबत होतो. ग्रीनच्या टेरिलीनला हे एवढालं भगदाड पडलं. किती दिवसांनी आम्ही दोघं भाऊ न भांडता एका कामाला लागलो होतो!

मागून हाक आली. फरशीवाल्यांचं टोळकं खोळंबलं होतं. "ओ काका! काय शोधताय? मोबाईल पडला का?"

"नाय हो," दादा मान वर न करता म्हणाला. "हरळी हाय. तुमी बी या, हातासरशी उरकंल."

कुणी आलं नाही. आला तो मॅनेजर, बॅटरीच्या गाडीतून, उभ्या उभ्या. "सर! सर, हे काय करताय? थांबा!"

"राहू द्या, होतंच आलंय," दादा म्हणाला. त्याला वाटलं हा मदतीला आलाय.

मॅनेजर भगदाडाकडे बघून पांढरा पडला. "काका, अहो बेंगलोरहून मागवलंय हे गवत! रोल करून, ट्रकनं आणलंय!"

दादा पहिल्यांदा थांबला. "विकत?"

"विकतच ना!"

दादा मागच्या मागे बसला. आधी त्याचे खांदे हलले, मग टोपी पडली, मग तो डोळे पुसत पुसत हसायला लागला. "आरं देवा... हरळी विकत! मला सांगायचं न भाऊ. सगळा बांध देऊन टाकला असता, वर तुमच्या ट्रकवाल्याला जेवूबी घातलं असतं."

"सर, काढलेलं कुठाय? परत लावून बघतो," मॅनेजर माझ्याकडे वळला. मी दोन्ही खिशांत हात घातले आणि ओल्या हरळीचे गोळे बाहेर काढले. त्या पाण्यानं विजार आतून मांड्यांपर्यंत भिजली होती आणि ते पाणी कशाचं हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. मॅनेजरनं गोळे ओंजळीत घेतले. मानद सदस्यानं क्लबाला दिलेली ती पहिली भेट.

पण माणूस धंद्याचा होता. त्यानं राग गिळला. "ठीक आहे सर, होतं असं. तुमच्या तुकड्यात तीन होल होतील तेव्हा नवीनच मागवणार आहोत. तुमच्या सह्या झाल्या की लगेच लागवड."

लागवड. आमच्या वडलांच्या जमिनीत, दादाच्या बागेला खेटून, हरळीची लागवड. वर तिला रोज पाणी. पलीकडे बागेत ठिबक. मधे तारेचं कुंपण, ज्याखालून हरळी विचारायलाही थांबणार नाही.

दादानंही ऐकलं होतं. तो उठला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. आता 'नाही' येणार म्हणून मी वाट बघत राहिलो. खरं सांगायचं तर तो नकार यावा म्हणून देवाला हात जोडून होतो, म्हणजे वाईटपणा त्याच्या माथी आणि सुटका माझी.

"काय रं," तो मला म्हणाला, "तुला लय हौस हाय का ह्याची? खरं सांग."

"आहे," मी म्हणालो. नुसती सवय म्हणून.

"मग देऊन टाकू. भाऊ, सही कुठं करायची?"

मॅनेजरचा चेहरा उजळला.

"दादा, अरे हरळी! बागेत येईल."

"यील की. काढू. आजवर काय केलं?"

"कोण काढणार?"

"मीच काढीन. तू काय पांढऱ्या बुटात येणार हायेस?" तो अगदी सहज म्हणाला. टोमणाही नव्हता त्यात.

आणि मला दिसलं. कुंपणाच्या त्या बाजूला हा, साठी उलटलेला, सऱ्यांमध्ये गुडघ्यांवर बसून काडी काडी ओढतोय. आणि या बाजूला मी, चौकटीच्या विजारीत, अंगठा चाटतोय. मिसळ पुन्हा वर आली. या खेपेला विचारायला थांबेल असं वाटेना.

"नको," मी म्हणालो. "द्यायची नाही जमीन."

"सर?" मॅनेजर.

"आम्ही जमीन देत नाही. विषय संपला." आवाज माझा असा बारीक निघाला की फरशीवाल्यांपर्यंत तो पोचलाही नसेल.

मॅनेजरनं हातातली हरळी भगदाडावर टाकली. मग मला उद्देशून, 'सर' गाळून, एवढंच म्हणाला, "मग पुढच्या रविवारपासून येऊ नका." आणि गाडीत बसून निघून गेला.

त्याची पाठ वळली आणि दादाचा स्फोट झाला. "मंग मला सकाळपासून हितं कशाला नाचवलं? तिकडं माणसं खोळंबल्यात! आधी मागं लागायचं, द्या द्या म्हणून, आन् आता दिली तर नको! म्हातारा झाला तरी तुझं काय ठरत नाय. उभ्या जन्मात एक गोष्ट धड ठरली का तुझी?"

"नाही," मी म्हणालो. यावर माझं त्याचं दुमत नव्हतं.

परत जाताना तो गाडी चालवत होता. मग रस्त्यावरची नजर न काढता त्यानं विचारलं, "नको का म्हणाला रं?"

"किळस आली."

"कशाची?"

"सगळ्याचीच. वासाची. त्या लोकांची."

"नक्की? का माझ्यासाठी म्हणाला? बाग, हरळी, म्हाताऱ्याला त्रास, असलं कायतरी डोक्यात घेऊन?"

मी काच खाली केली.

"कारण तसं असंल तर सांग," तो म्हणाला. "आत्ता गाडी फिरवतो आन् सही करून येतो. मला कुणाची मेहेरबानी नको."

मी बाहेर एकदा जोरात थुंकलो आणि म्हणालो, "छे! तुझ्यासाठी कशाला?"